बंद वाटेचा अर्ज

"ही म्याडम मुकी हाय का गं?"

आवाज आतून आला. मी बाहेर पडवीत घोंगडीवर बसले होते, मांडीवर वही, हातात पेन. आत चुलीपाशी धोंडाबाई आणि त्यांची सून सुरेखा. मधे कुडाची भिंत. त्या भिंतीतून धूर ये-जा करतो, कोंबडीचं पिल्लू ये-जा करतं, बोलणं तर करतंच.

"न्हाई वं आत्याबाई. फोनवर बोलती की चांगली."

"मग हितं काय धाड भरली? मगाधरनं नुसती मान हालवतीया. मी इचारलं, रस्ता मिळंल का? तर मान. इचारलं, च्या कोरा का दुधाचा? तरी मानच. आता मी काय करू?"

"इंग्रजी शाळंत शिकल्याल्या हायेत त्या. त्यांचं आदी मनात तयार व्हतं, मंग भाईर येतं."

"तवर च्या निवंल."

चहा खरंच निवला. दुधाचा होता. मी तो एका घोटात संपवला आणि वहीत लिहिलं, 'समूहाचे नेतृत्व आत्मविश्वासपूर्ण आहे.' क्षेत्रभेटीच्या अहवालात असं लिहायची पद्धत असते.

या अंकाच्या संपादक आमच्या ऑफिसात आल्या आणि "तुमच्या कामाचे अनुभव लिहून द्याल ना?" म्हणाल्या, तेव्हाही मी मानच हलवली. मान हलवली की लोक होकार धरतात. नोकरीला पाच वर्षं झाली आहेत. एवढ्यावर आठवणी लिहिणं जरा आगाऊपणाचं आहे हे मला कळतं. पण केलेल्या चुकांवरून अनुभव मोजला तर मी निवृत्तीला आले आहे.

काम काय, ते आधी सांगते. मी अशा संस्थेत काम करते जी स्वतः काहीच करत नाही. आमची शाळा नाही, दवाखाना नाही, आम्ही झाडंही लावत नाही. आम्ही पैसे गोळा करतो: हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांकडून, पिरंगुटच्या कारखानदारांकडून, मुठा खोऱ्यात शनिवार-रविवारी राहायला येणाऱ्यांकडून, पौडच्या दुकानदारांकडून. आणि ते मुळशी तालुक्यातल्या लहान लहान गटांना देतो. ज्यांना आपला हक्क आपण मागायचा आहे, पण मागायला जायला एसटीचं भाडं नाही, असे गट. शाळेला बाकं द्यायला देणगीदार रांग लावतात, कारण बाकावर नाव घालता येतं. वकिलाच्या फीवर, दाखल्याच्या नकलेवर, बुडालेल्या मजुरीवर कुणाचं नाव घालता येत नाही. तो खर्च आम्ही देतो.

माझ्या खालाला, म्हणजे मावशीला, हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे लोकांचे पैसे लोकांना देती. मग पगार कशाचा घेती?"

पगार अर्ज वाचण्याचा. अर्ज येतो, मी वाचते, त्रुटी काढते, परत पाठवते, पुन्हा वाचते, जागेवर जाऊन बघून येते आणि समितीसाठी टिपण तयार करते. समिती तीन महिन्यांतून एकदा बसते आणि हो किंवा नाही म्हणते. या साखळीत बोलण्याची जागा फार थोडी आहे, म्हणून ही नोकरी मला आवडली. अब्बांचं पौडच्या बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान आहे. तिथं आठवीपासून मी गल्ल्यावर बसायचे, पण गिऱ्हाइकानं भाव विचारला की माझा आवाज जायचा. अब्बांनी मला पिरंगुटच्या इंग्रजी शाळेत घातलं ते बोलकी होईन म्हणून. तिथं मी दोन भाषांमधून गप्प राहायला शिकले.

फक्त हेल्मेटमध्ये मी उत्तम बोलते. स्कूटरवर, काच खाली केली की, पौड ते पिरंगुट मी अशी भाषणं केली आहेत की ऐकणारा थक्क झाला असता. ऐकणारं कुणी नसतं हाच त्या भाषणांचा पाया आहे.

या स्वभावाचा फायदा एका गृहस्थांनी पुरेपूर घेतला. त्यांच्या गाडीवर पुढं-मागं 'मानवाधिकार' असं लाल अक्षरांत लिहिलेलं होतं आणि खाली 'राष्ट्रीय उपाध्यक्ष'. त्यांना आमच्याकडून शंभर ओळखपत्रं हवी होती, गळ्यात घालायच्या पट्ट्यांसकट. ओळखपत्रं वाटली की तालुक्यात शंभर माणसं हक्कांचं रक्षण करायला तयार होतील, असा त्यांचा हिशेब होता. "कुणाच्या हक्कांचं?" हा प्रश्न माझ्या मनात तयार होता. बाहेर यायला वेळ लागत होता. तोवर ते चार सोमवार आले, चार वेळा चहा प्यायले आणि चौथ्या वेळी मला राष्ट्रीय सहसचिव करतो म्हणाले. शेवटी आमच्या संचालक वसुधाताई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दादा, टोल चुकवायला आम्ही पैसे देत नाही." ते हसले, मिशीवरून हात फिरवला आणि गेले. मी चार आठवड्यांत जे केलं नाही ते त्यांनी सात शब्दांत केलं.

तालुक्यातल्याच चांदे गावच्या बायकांचं उलटं झालं. तिथल्या उंच इमारतींमध्ये धुणं-भांडी करणाऱ्या तीसेक जणी. एका सोसायटीनं नियम केला की कामवाल्यांनी फक्त मागची लिफ्ट वापरायची, आणि मागची लिफ्ट महिन्यातले वीस दिवस बंद. बायकांनी सह्या गोळा करणं, कामगार म्हणून नोंदणी करणं, यासाठी अर्ज केला. मी तीन पानी टिपण लिहिलं. त्यात 'प्रतिष्ठा' हा शब्द अकरा वेळा होता. निधी मंजूर झाला, आणि पंधरा दिवसांत त्यांची पुढारी छाया आली आणि निम्मे पैसे परत टेबलावर ठेवले. "लिफ्टचं झालं म्याडम. आमी सोमवारी कुणीच गेलो न्हाई. मंगळवारी पुढची लिफ्ट चालू. तेवढा खर्च वाचला." परत आलेल्या पैशांसाठी आमच्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. मी तिला विचारलं, हे 'न वापरलेली रक्कम' मध्ये दाखवू का? ती म्हणाली, "दावा कुटं बी. पावती द्या."

त्या फॉर्मबद्दल सांगायलाच हवं. तो मी तयार केलेला आहे. मूळ इंग्रजीतून मीच मराठीत आणला, आणि माझं मराठी तेव्हा दुकानातल्या पाट्या आणि दहावीचं पाठ्यपुस्तक यांच्या मधलं कुठलंसं होतं. आठ पानं. सहाव्या पानावर प्रश्न आहे, 'अपेक्षित परिणाम व त्यांचे निर्देशक'. धोंडाबाईंच्या गटाचा फॉर्म भरताना हा प्रश्न मी सुरेखाला समजावून सांगितला. तिनं शेजारी बसलेल्या सासूला विचारलं. धोंडाबाई म्हणाल्या, "रस्ता उघडंल. मग आमी जाऊ."

"आणि निर्देशक?" मी विचारलं. "म्हणजे आम्हाला कसं कळणार?"

"आमी गेलेल्या दिसू की."

मी ते 'वाटेच्या वापरात लक्षणीय वाढ' असं लिहून घेतलं.

आता त्या वाटेचं. रिह्याच्या खोऱ्यात भाताची खाचरं जिथं संपतात तिथून वर, डोंगराच्या सपाटीवर, धनगरांचा अकरा घरांचा वाडा आहे. शेळ्या-मेंढ्या, थोडी नाचणी, बाकी मजुरी. खाली डांबरी रस्त्यावर यायला त्यांची एक पायवाट आहे, वीस मिनिटांची. शाळा, दूध, दळण, दवाखाना, सगळं त्याच वाटेनं. गावच्या नकाशावर ती तुटक रेघेनं दाखवलेली आहे. मधली जमीन विकली गेली. नव्या मालकांनी फार्महाऊस बांधलं, भोवती तारेचं कुंपण घातलं आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वाटेवर लोखंडी गेट बसवून कुलूप लावलं. मग वाड्यावरच्यांना वरच्या धारेनं वळसा घालून यावं लागायला लागलं. जायला दीड तास, यायला दोन.

अशी वापरातली वाट कुणी अडवली तर तहसीलदारांकडे दावा टाकता येतो. तो त्यातल्या त्यात लवकर चालतो. अट एकच, वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा टाकायचा. ती मुदत गेली की मग दिवाणी कोर्ट, आणि तिथं धोंडाबाईंच्या नातवंडांची लग्नं होईपर्यंत तारखा. दाव्यासाठी वकील हवा, नकाशांच्या नकला हव्यात, साक्षीला येणाऱ्यांची मजुरी भरून द्यायला हवी. वाड्यावरची बहुतेक पुरुषमाणसं दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन खाली उतरतात, त्यामुळं हे सगळं बायकांनीच अंगावर घेतलं होतं. दहा जणींचा गट, पुढारी धोंडाबाई, कारण त्यांचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जातो. लिहायचं काम सुरेखाकडं, कारण ती दहावी आहे.

दिवाळी झाल्या झाल्या सुरेखाचा अर्ज आला. वहीच्या एका पानावर, दोन्ही बाजूंनी, स्वच्छ अक्षरात. त्यात जे लिहायला हवं ते सगळं होतं. मी तो परत पाठवला.

का? तर तो फॉर्मवर नव्हता. वहीचं पान फाईलला ठेवून मी त्याची नक्कल आणि कोरा फॉर्म तिला पाठवला, तो ती डिसेंबरात भरून घेऊन आली. मी तोही परत पाठवला, कारण गटाचा ठराव जोडलेला नव्हता. ती ठराव घेऊन आली तेव्हा जानेवारीची समिती होऊन गेली होती. मग फेब्रुवारीतल्या क्षेत्रभेटीनंतर माझ्या लक्षात आलं की निर्देशकांचा रकाना कोरा आहे, म्हणून तिसऱ्यांदा दोघींना बोलावलं आणि वर लिहिलेला संवाद झाला. या तिन्ही वेळा ती वरच्या धारेनं वळसा घालून, मग एसटी धरून पौडला आली होती. बंद वाटेबद्दलचा अर्ज दुरुस्त करायला ती त्या बंद वाटेलाच वळसा घालून तीनदा आली, आणि मी प्रत्येक वेळी तिला पाणी दिलं आणि 'ठीक आहे, फक्त एवढं एक' म्हणाले. माझ्या मनात मी तिला मदत करत होते. समितीसमोर अर्ज नीट दिसावा, कुणी नाक मुरडू नये. इंग्रजी शाळेत आम्हाला समास सोडून लिहायला शिकवलं होतं. त्या समासाच्या बाहेर काही दिसलं की मी आजही बेचैन होते.

ती फेब्रुवारीतली क्षेत्रभेट म्हणजेच सुरुवातीची, मुकी हाय का गं वाली. उतरताना सुरेखानं मला मुद्दाम गेटपर्यंत नेलं. मी फोटो काढायला वाकले आणि कुलूप ओळखलं. आमच्या दुकानातलं. पितळी, मोठं, तिसऱ्या फळीवर डावीकडं ठेवतो ते. तारही आमचीच असणार, एवढी तार तालुक्यात दुसरीकडं मिळत नाही.

अब्बांना विचारलं तेव्हा ते बिजागऱ्या मोजत होते. "व्हय, आमच्याकडनंच नेलं. पाव्हना चांगला हाय, रोख देतो."

"अब्बा, त्यांनी धनगरांची वाट बंद केलीय."

अब्बा मोजता मोजता थांबले. "मी कुलूप इकलं. रस्ता न्हाई इकला." मग परत बिजागऱ्यांकडं वळून म्हणाले, "तुझं काम तू कर. मी मधी येनार न्हाई. पन गिऱ्हाईक दुकानात असलं तर तोंड उघडू नको."

त्याची काळजी त्यांनी करायला नको होती.

मार्च संपत आला होता, समितीला दोन दिवस उरले होते आणि माझं टिपण तयार होतं. टाईप केलेलं, आठ पानी फॉर्मसकट, समास सोडून. दुपारी सुरेखाचा फोन आला.

"म्याडम, त्या बैठकीत आमचं व्हईल ना वं?"

"हो, अर्ज आता पूर्ण आहे."

"वकीलसाहेब म्हंत्यात, गुरवारपतुर दावा पडला पायजे. सहा म्हैने भरत्यात. त्यास्नी नकला काढायच्यात, इसार द्यायचाय. बैठक सोमवारी म्हंजे जमंल तसं."

"कसली मुदत? फॉर्ममध्ये तर नाही."

सुरेखा म्हणाली, "पैल्या अर्जात लिवलीती की मी."

मी फाईल काढली. तळाशी ते वहीचं पान होतं. मागच्या बाजूला, खालून चौथी ओळ: 'वकील म्हणतात दसऱ्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा टाकला तरच तहसीलदार घेतात.' त्यावर लाल पेनाची आडवी रेघ. शेजारी समासात माझं अक्षर: 'अनावश्यक तपशील. फॉर्ममध्ये घेऊ नये.'

फॉर्ममध्ये पार्श्वभूमीला दीडशे शब्दांची मर्यादा आहे. मर्यादा मीच घातली आहे.

सुरेखाला मी म्हणाले, "बघते." हा शब्द आमच्या व्यवसायात फार वापरतात.

त्या दुपारी मी वसुधाताईंना सगळं लिहून मेल तयार केला. पहिला फार लांब झाला. दुसऱ्यात मी तीनदा 'दुर्दैवाने' लिहिलं होतं, जणू काही रेघ दुर्दैवानं मारली. तिसरा नीट होता. तो मी जपून ठेवला. पाठवला नाही. स्वतःला सांगितलं, अर्ज मंजूर होणारच आहे, मग उगाच कशाला? मंजुरी सोमवारी, चेक सोमवारीच, दावा गुरुवारच्या आत, आणि लाल रेघ फाईलच्या तळाशी कायमची. रविवारी स्कूटरवर मात्र मी पिरंगुटपर्यंत फार धीटपणे कबुली दिली.

दावा शेवटी मुदतीत दाखल झाला, हे इथंच सांगून टाकते. तारखा चालू आहेत, आणि तोवर गेट दिवसा उघडं ठेवायचं असं दोन्ही बाजूंनी मान्य केलं आहे. पण त्या सोमवारी सकाळी साडेअकरापर्यंत सगळं नेमकं उलट ठरत आलं होतं.

आमच्या समितीत तीन माणसं. अध्यक्षा बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांच्यासमोर साठीचे लोकही सरळ बसतात. निखिल सर, हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर, दरवर्षी स्वतःच्या पगारातून भरीव देणगी देणारे. आणि भातगिरणीवाले काका, ज्यांना तालुक्यातला प्रत्येक बांध माहीत आहे. वसुधाताई बसतात, पण मत देत नाहीत. मी बसते आणि इतिवृत्त लिहिते. अर्जदारांना आत बोलावून दहा मिनिटं ऐकायची आमची पद्धत आहे. ती चांगली पद्धत आहे असं आम्ही वार्षिक अहवालात दरवर्षी छापतो.

धोंडाबाई आणि सुरेखा आत आल्या. पहाटे निघाल्या होत्या. धोंडाबाई फिरत्या खुर्चीत बसल्या तशी खुर्ची फिरली आणि त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. मग दहा मिनिटं तशाच धरून बसल्या.

बोलल्या मात्र छान. वाट कुठून जाते, किती पिढ्यांची, पोरं आता शाळेला आठवड्यातून तीनच दिवस जातात, दूध वळशानं नेईपर्यंत फाटतं. काका मधे मधे मान डोलवत होते. "खरंय, माझा बा त्याच वाटंनं वर मेंढी आनाया जायचा." मला वाटलं, झालं, सुटले.

मग निखिल सरांनी टिपणातून मान वर केली. त्यांनी कायदा वाचला होता. ते नेहमी सगळं वाचून येतात, हा त्यांचा गुण आहे. "मावशी, एक विचारू? अशा दाव्याला सहा महिन्यांची मुदत असते. तुमचे सहा महिने या गुरुवारी संपतात. बरोबर?"

"व्हय."

"मग तुम्ही इतक्या उशिरा का आलात? हे पहिल्या महिन्यातच करायला हवं होतं ना?"

धोंडाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. सुरेखानं तोंड उघडलं, तेवढ्यात सासूचा एक हात टेबलावरून सुटला आणि तिच्या गुडघ्यावर बसला.

"झाला खरा उशीर," धोंडाबाई म्हणाल्या. "आमी डोंगरातली मानसं. आमाला कागदाचं काय कळतंय, सायेब."

बाईंनी आभार मानले आणि त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

धोंडाबाई ही तीच बाई होती जिनं वाड्यावर मला फॉर्मचं आठवं पान उलटून विचारलं होतं, "ह्यातलं तुमी सोता कितीदा भरलंय?" तिला कागद चांगले कळत होते. कुणी रेघ मारली तेही तिला माहीत होतं, कारण सुरेखानं ते पान माझ्या टेबलावर पाहिलं होतं. पण पैसे आमच्याकडं होते. देणाऱ्याची चूक मागणाऱ्यानं आपल्या अंगावर घ्यायची, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पाच वर्षांत किती जणींनी माझ्यासमोर हे केलं असेल आणि मी ते 'सहकार्याची वृत्ती' म्हणून वहीत टिपलं असेल, कोण जाणे.

दार लागल्यावर काका म्हणाले, "म्हातारी खरं बोलंना. धनगरनीला कागद कळत नसतील, दिवस बराबर कळत्यात."

"मुद्दा तोच आहे काका," निखिल सर म्हणाले. ते चिडलेले नव्हते, हळहळतच बोलत होते. "कॉज जेन्युइन आहे. पण बेसिकली प्लॅनिंग नाही. तीन दिवसांत कुठला वकील काय करणार? दावा मुदतीबाहेर गेला तर पैसेही गेले आणि वाटही. त्यापेक्षा जूनच्या बैठकीत घेऊ. तोवर आपण गटाला एक ट्रेनिंग देऊ, अर्ज वेळेत कसे करायचे त्याचं. आफरीन घेईल, तिचं डॉक्युमेंटेशन परफेक्ट असतं."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. वसुधाताईंनी माझ्याकडं पाहिलं, नुसतंच, कारण त्यांना काहीच माहीत नव्हतं. बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना ते पटलेलं नव्हतं, पण खोडून काढायला त्यांच्या हातात काही नव्हतं. ते माझ्या फाईलमध्ये होतं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "लिही आफरीन. अर्जदार गटाने विलंब केल्यामुळे अर्ज पुढील बैठकीपर्यंत स्थगित."

मी लिहायला लागले. सवयीनं हात चालतो. 'अर्जदार गटाने' इथपर्यंत लिहिलं. काचेच्या दारातून बाहेरचा बाक दिसत होता. सुरेखा पिशवीतून भाकरी काढत होती आणि धोंडाबाई तिला हातानं थांबवत होत्या, की आधी आतलं कळू दे.

माझं वाक्य मनात तयार होतं. दोन दिवसांपासून तयार होतं, तीन मसुद्यांमध्ये, हेल्मेटमध्ये, सगळीकडं. बाहेर येताना मात्र त्यातलं काहीच आलं नाही. मी पेन खाली ठेवलं. फाईलच्या तळातलं वहीचं पान काढून टेबलाच्या मधोमध ठेवलं, लाल रेघ वर येईल असं. पहिला शब्द म्हणजे नुसती हवाच निघाली. काका म्हणाले, "पोरी, पानी घे." मी पाणी घेतलं नाही, कारण पाणी घेतलं असतं तर परत गप्प बसले असते.

"बाई, हे मी लिहिणार नाही," मी म्हणाले. "उशीर त्यांनी नाही केला, मी केला. दिवाळी झाल्या झाल्या त्यांचा अर्ज आला होता. मुदत त्यात लिहिलेली होती आणि ती ओळ मी खोडली. स्थगित करायचं असेल तर विलंबाच्या कारणात माझं नाव लिहिते. पण गुरुवारपर्यंत वेळ आहे, वकील थांबलेत आणि त्या दोघी बाहेर उपाशी बसल्यात. त्यांना आज हो म्हणा."